भिंगबाईंची बॅग

मित्रांनो, दाराआडच्या खिळ्याला लटकलेली, एक पट्टा तुटलेली ती कातडी बॅग दिसते ना, ती मी. आता माझ्यात लोकरीचे गुंडे ठेवतात. पण एके काळी एका अख्ख्या कारखान्याचे दोष माझ्या पोटात असायचे.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला जाड दोऱ्याने, दुहेरी टाके घालून शिवले. मला विकत घेतले एका शिंप्याने. त्याच्या लेकीला साबणाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. "कागद सांभाळ म्हणजे झालं," एवढेच बोलून त्याने मला तिच्या खांद्याला अडकवले.

ती अंतर्गत ऑडिटर झाली होती. कंपनीतच राहायचे आणि कंपनीच्याच चुका नि धोके शोधायचे, असे ते काम. पाठीमागे सगळे तिला 'भिंगबाई' म्हणत.

बाई दिसल्या की गप्पा बंद होत. जेवणाच्या सुट्टीत त्या एखाद्या टेबलाशी बसल्या, की तिथल्या बाकीच्यांना अचानक काही ना काही काम आठवे. मग बाई मला शेजारच्या खुर्चीवर ठेवीत. रिकाम्या खुर्चीपेक्षा बॅग बरी, असे त्यांना वाटत असावे. वीस वर्षे त्यांच्या पंगतीला मीच होते.

एकदा तपासणी करताना पॅकिंग विभागाच्या मागच्या दाराला त्यांना कुलूप दिसले. आत साठ बायका काम करीत होत्या. भोवती पुठ्ठ्यांचे ढीग आणि बाहेर पडायला एकच अरुंद दार. बाईंनी अहवालात लिहिले, 'धोका गंभीर', आणि खाली लाल रेघ ओढली.

मोठ्या साहेबांनी तो वाचला. "मागचं दार उघडं ठेवलं की मालाला पाय फुटतात, बाई. 'किरकोळ' लिहा. आणि बढतीच्या यादीत तुमचं नाव आहे, विसरू नका."

बाईंचे वडील तोवर गेले होते. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती आणि कमावणाऱ्या बाई एकट्या. त्यांनी 'किरकोळ' लिहिले. लाल रेघेचा मूळ कागद मात्र त्यांच्याने फाडवेना. तो त्यांनी माझ्या आतल्या कप्प्यात सरकवला. मित्रांनो, पोटात ठेवणे हे तर माझे कामच. पण तो कागद मला कधी पचला नाही.

वर्षातून चारदा ऑडिट समिती बसे. ऑडिटरचे काम नीट चालते का, कंपनीत धोका कुठे आहे, हे बघणारी ती कंपनीबाहेरची चार माणसे. अध्यक्ष एक निवृत्त इंजिनिअर होते. त्यांच्या कानाला यंत्र असे. 'आजोबांना ऐकू कुठे येतं!' म्हणून साहेब हसत. प्रत्येक बैठकीच्या शेवटी अध्यक्ष विचारीत, "बाई, आणखी काही?" बाई शेजारी बसलेल्या साहेबांकडे बघत आणि म्हणत, "नाही."

असे दोनदा झाले. तिसऱ्या बैठकीत ते 'नाही' ऐकल्यावर अध्यक्ष बाईंकडे बघतच राहिले.

"समिती आणि बाई सोडून सगळ्यांनी जरा बाहेर बसावं," ते म्हणाले.

"मीसुद्धा?" साहेबांनी विचारले.

"तुम्ही तर आधी."

दार लागले. अध्यक्ष म्हणाले, "आता सांगा. अहवालात आलं नाही, असं काय आहे?"

बाईंचा हात माझ्या बकलावर आला. त्यांनी आतल्या कप्प्यात हात घातला. मग लाल रेघेचा कागद टेबलावर आला.

अध्यक्षांनी तो सावकाश वाचला. "आधी का नाही बोललात?"

"साहेब शेजारीच बसलेले असायचे."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "मग तुमच्याआधी चूक आमची आहे."

चौघे बाईंना आणि साहेबांना घेऊन तडक पॅकिंग विभागात गेले. "हे दार उघडा," अध्यक्ष म्हणाले. किल्ली पहारेकऱ्याकडे होती आणि पहारेकरी पलीकडच्या गोदामात. अध्यक्ष एका खोक्यावर बसले आणि घड्याळ बघत राहिले. सगळ्या बायका हातचे काम टाकून उभ्या राहिल्या.

किल्ली आली तेव्हा ते म्हणाले, "सव्वीस मिनिटं. धूर इतका वेळ थांबतो का हो, साहेब?"

कुलूप त्याच दिवशी निघाले. तेव्हापासून बाईंचा अहवाल थेट समितीकडे जाऊ लागला. त्यांची बढती आणि त्यांना काढणे, दोन्ही समितीच्या हाती आले. दर बैठकीनंतर समिती साहेबांना बाहेर बसवून त्यांच्याशी बोलू लागली.

तुम्हाला वाटेल, पुढे आग लागली आणि साठ जणी वाचल्या. तसे झाले नाही. आग कधी लागलीच नाही, म्हणून त्या दाराचे कुणी आभारही मानले नाहीत. उलट, मागचे दार उघडे झाल्याने बाहेर पडताना आता पिशव्या तपासतात म्हणून बायका कुरकुरल्या. बाईंच्या शेजारची खुर्ची माझीच राहिली.

बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या निरोपाच्या दिवशी तीन माणसे आली. अध्यक्ष तोवर वारले होते. नव्या ऑडिटरचे सगळे काम संगणकात, त्याला माझी गरज नव्हती. आता बाई भाचीकडे राहतात. कधीतरी मला खाली काढतात, कप्प्यात हात घालून बघतात आणि पुन्हा टांगतात.

मित्रांनो, चामड्याला वर्षातून एकदा तेलाचा हात लागला तरी ते तडकत नाही. माझा पट्टा कोरडा पडूनच तुटला. नकोसे पण खरे बोलणारे कुणीतरी तुमच्याही आसपास असेल. त्याचे ऐका. आणि ऐकून झाले की लगेच पाठ फिरवू नका. 'तुम्ही बरे आहात ना?' एवढे तरी विचारा. बाईंना ते कुणी विचारले नाही, आणि मला बोलता येत नव्हते.