मी बिघडलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. गोल गोल फिरण्यासाठीच माझा जन्म झाला, त्यामुळे स्वस्थ बसून राहायचं म्हटलं की माझा जीव कासावीस होतो. योगायोग असा, की मला माणूसही माझ्यासारखंच मिळालं.

एका कारखान्यात, लांबलचक टेबलावरून मी हातोहात पुढे सरकत तयार झालो. कुणी पोटात मोटर बसवली, कुणी रबरी पट्टा चढवला. शेवटी चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या हाताच्या टोकाला सुई लावली, एक रेकॉर्ड वाजवून पाहिली आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं बोटीवरच्या एका इलेक्ट्रिशियननं. पण बोट डुलली की माझी सुई घसरायची. अखेर वैतागून त्यानं मला भाचीच्या हवाली केलं. सोबत तीन रेकॉर्ड दिल्या.

"माझ्याजवळ राहिला तर एक दिवस याला समुद्रात फेकीन," मामा म्हणाला. "तू सांभाळ."

या भाचीला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय एका जागी ठरत नसे. ती आणि तिची ताई दोन खोल्यांच्या घरात राहायच्या. ताई घरीच शिवणकाम करायची. शिलाई मशीनच्या खडखडाटात माझी लुडबुड तिला फारशी आवडत नसे.

मामाच्या रेकॉर्डपैकी एक पियानोची होती. वाजवणारा डाव्या हातानं चालायचा आणि उजव्या हातानं पळायचा. ती लागली की भिंगरी खोलीभर येरझाऱ्या घालायची. तेव्हा ती चपलांच्या दुकानात कामाला होती. एका सकाळी तिनं मधेच सुई उचलली, दुकानात गेली आणि नोकरी सोडून आली.

"आता काय करणार?" ताईनं विचारलं.

"बघू. पण जन्मभर लोकांचे पाय बघत बसणं मला जमायचं नाही."

मग टपालाच्या पिशव्या झाल्या, हॉटेलातला टेलिफोन झाला, आणि भिंगरी इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. तिथं वाफेनं बायकांना घेरी यायची, तरी खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या. भिंगरी एकटी साहेबांशी भांडून आली. काही फरक पडला नाही.

त्या रविवारी तिनं बरोबरच्या बायकांना घरी बोलावलं आणि दुसरी रेकॉर्ड लावली. तीत बायकांचा एक जथा परक्या भाषेत गायचा. शब्द कुणालाच कळले नाहीत. पण एकीचा श्वास संपला की दुसरी सूर उचलायची, त्यामुळे गाणं कुठे तुटतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी या सगळ्याजणी साहेबांच्या टेबलापुढे तशाच उभ्या राहिल्या. एक थांबली की दुसरी सुरू. साहेबांना मधे बोलायला फटच मिळाली नाही. शेवटी खिळे निघाले.

मला वाटलं, आता तरी ही रमेल. कसली रमते! खिडक्यांतून रस्ता दिसायला लागला, आणि थोड्याच दिवसांत ती त्याच रस्त्यानं चालती झाली.

तिसरी रेकॉर्ड व्हायोलिनची होती. तिच्या शेवटी व्हायोलिन वर वर चढत जायचं, आणि सगळं शांत होता होता एक बारीकशी घंटा वाजायची. एकदाच. त्या घंटेसाठी मात्र भिंगरी जागची हलत नसे. ती छापखान्यात लागली तेव्हापासून कामावरून आली की हीच रेकॉर्ड लावायची. छापखाना तिला मानवला. मशीनमधून सपासप बाहेर पडणारे रंगीत कागद बघताना तिच्या जिवाला थारा मिळायचा. वर्षं गेली. फोरमन तिला सगळ्यात मोठं मशीन द्यायच्या बेतात होता.

आणि घंटा हरवली.

"वाजलीच नाही," ती पुटपुटली आणि रेकॉर्ड पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिनं माझी सुई बदलली, पट्टा बदलला, पेटी उघडून तारा तपासल्या. मला टेबलावरून फळीवर हलवलं, फळीवरून जमिनीवर आणलं. मित्रांनो, मी दर वेळी घंटा वाजवत होतो. पण ते सांगायला मला तोंड नव्हतं. शेवटी तिनं माझ्यावर एक जुनी चादर टाकली आणि मला कोपऱ्यात ढकललं. माझ्यावर धूळ साचली. घरात कुणी गुणगुणेनासं झालं.

एके दुपारी ती मला भंगारात द्यायला निघाली. ताईनं शिलाई मशीन थांबवलं.

"एकदा माझ्यासमोर लाव बघू."

भिंगरीनं नाखुशीनं सुई टेकवली. व्हायोलिन चढलं, विरत गेलं.

"वाजली की," ताई म्हणाली.

"काय वाजलं?"

"घंटा. बारीकशी."

"उगाच थट्टा करू नकोस."

"मग परत लाव. वाजली की तुझा हात दाबते."

दोघी माझ्यापुढे बसल्या. घंटा वाजली आणि ताईनं हात दाबला. भिंगरीला नुसती सुईची खरखर ऐकू आली होती.

"मला वाटायचं, हल्ली तू मुद्दाम ओ देत नाहीस," ताई हळूच म्हणाली.

कानाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. छापखान्यातल्या मशीनच्या आवाजानं बारीक सूर गेले होते, ते परत येणार नव्हते. उरलेले राखायचे तर त्या आवाजापासून दूर राहायला हवं. भिंगरी घरभर फिरत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला नोकरी सोडायची नव्हती.

"इतक्या नोकऱ्या सोडल्यास," ताई म्हणाली, "मला एकदाही कारण पटलं नाही. या खेपेला पटतंय."

भिंगरी फोरमनकडे गेली, पण एकटी नाही. मशीनवरचे सगळे तिच्यामागे उभे होते. कान झाकायला साधनं द्या, अशी त्यांची मागणी होती. फोरमननं आधी हसण्यावारी नेलं, मग सगळ्यांचे चेहरे बघून कबूल झाला. साधनं आली. भिंगरीनं मोठं मशीन नाकारलं आणि अंगणापलीकडच्या पुस्तकबांधणीच्या खोलीत काम मागून घेतलं.

तरी ती माझ्याजवळ येईना. अपुरं ऐकण्यापेक्षा नकोच, असं तिला वाटत असावं. मग एकदा ताईच बाजारातून नवी रेकॉर्ड घेऊन आली.

"दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात जाड आवाजाचं वाद्य दे. काय दिलंय ते तूच बघ."

चेलो होता. खोल, घोगरा, जमिनीतून उगवल्यासारखा. ताईनं सुई इतक्या धसमुसळेपणानं टेकवली की मी कळवळलो, पण तक्रार केली नाही. भिंगरी ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, यातलं काहीही तिच्याकडून निसटत नव्हतं.

"आता हे माझं आवडतं," ताई म्हणाली. "आधी हे लागणार, तुझं नंतर."

हल्ली कुठली रेकॉर्ड लावायची यावरून दोघींची रोज जुंपते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची धूळ पुसत जा. पण एखादी वस्तू बिघडली असं वाटलं, तर तिला टाकण्याआधी जवळच्या माणसाला जरा शेजारी बसवून घ्या. आणि मोठ्या आवाजात काम करताना, खेळताना कान जपा. माझी सुई झिजली तर दुकानात दुसरी मिळते.