टोपाच्या डब्यातले पांढरे हातमोजे

घोड्याच्या शेपटीत जन्मलो आणि न्यायमूर्तींच्या डोक्यावर जगलो, असा मी एक जुना केसांचा टोप आहे, मित्रांनो. लंडनच्या एका अरुंद गल्लीत, मान खाली घालून काम करणाऱ्या बायकांनी मला विणले. आमच्यात एक रीत आहे. आम्हाला कधी धूत नाहीत. टोप जितका मळका, तितका त्याचा मालक मुरलेला समजतात. म्हणून सर एडमंड थर्लबी न्यायमूर्ती झाले आणि मी कोराकरकरीत, पांढराशुभ्र त्यांच्या डोक्यावर चढलो, तेव्हा त्यांचे एक जुने स्नेही म्हणाले, "एडमंड, थेट पिठाच्या गिरणीतून आलास वाटतं?" साहेब हसले नाहीत. पण घरी आल्यावर होल्टने मला गुपचूप शेकोटीवर टांगून धुरी दिली. होल्ट हा साहेबांचा कारकून. त्यांची पुस्तके, औषधे आणि राग, सगळे तोच सांभाळी.

माझा एक थोरला भाऊ होता, खांद्यापर्यंत लोंबणारा. तो मिरवणुकीपुरता. राबायचे मी.

साहेब गावोगाव फिरून मोठे खटले चालवीत. गावात गेले की आधी चर्चमध्ये प्रार्थना, मग न्यायासन. ते मनापासून देवभीरू होते. गुडघे टेकून मागणे एकच मागत, की माझ्या हातून अन्याय घडू नये. त्या देशाची एक जुनी चाल आहे. न्यायमूर्ती आले आणि गावात एकही आरोपी नसला, तर गावचा मानकरी शेरीफ त्यांना पांढऱ्या हातमोज्यांचा जोड भेट देतो. साहेबांच्या वाट्याला तो कधी आला नव्हता. होल्ट चिडवी, "आपण येणार कळलं, मायलॉर्ड, की चोरांना हुरूपच येतो."

माझ्या पत्र्याच्या डब्यात माझ्याखाली एक काळे रेशमी कापड घडी करून ठेवलेले असे. फाशी सुनावताना ते माझ्यावर ठेवीत. त्याला वजन असे नव्हतेच, मित्रांनो. तरी मला ते पेलत नसे.

ब्रॅमवॉल्ड गावी लेनर्ड पासमोर नावाच्या कोवळ्या मेंढपाळाला उभे केले होते. मालकाने त्याच्या कुत्रीला गोळी घातली होती आणि त्या झटापटीत लेनर्डचे फावडे डोक्यात बसून मालक मेला होता. निवाडा गावातल्याच बारा माणसांच्या ज्युरीने करायचा होता. त्यांचा प्रमुख एमस विडकोम, खोगिरे शिवणारा. विचार करायला आत गेलेली ती माणसे मध्येच परत आली. एमसने टोपी हातात चुरगाळत विचारले, "मायलॉर्ड, आम्ही खून म्हटलं, पण पोरावर दया करा असंही सोबत म्हटलं, तर त्याचा जीव वाचेल ना?"

साहेबांच्या कपाळाचा घाम मला लागला. कायद्याने उत्तर एकच होते. शिक्षेचा विचार ज्युरीने करायचा नसतो, आणि न्यायमूर्तींनी तो त्यांना करू द्यायचा नसतो.

"गुन्हा घडला की नाही, एवढंच तुम्ही बघा," साहेब हळुवारपणे म्हणाले. "पुढचं बघणारे दुसरे आहेत."

त्या हळुवारपणानेच घात केला. एमसला वाटले, हा होकारच आहे. मोठ्या माणसांना उघड बोलता येत नाही, इतकेच. ज्युरीने खून म्हटले आणि दयेची विनंती जोडली. खून ठरला की कायद्यात फाशीच होती, म्हणून काळे कापड माझ्यावर आले. साहेबांनी शिक्षा सांगितली, शेजारी बसलेल्या पाद्र्यांनी आमेन म्हटले. आणि एमस मात्र त्या पोराकडे बघून मान हलवत होता, घाबरू नकोस म्हणून.

या पोराला मारू नका, असे साहेबांनी फाशी माफ करू शकणाऱ्या लंडनच्या मंत्र्यांना स्वतः कळवले. मंत्र्यांनी ऐकले नाही. लेनर्ड फासावर गेला.

पुढच्या वसंतात आम्ही पुन्हा ब्रॅमवॉल्डला गेलो. तुरुंगात खटल्यासाठी कुणीच नव्हते. शेरीफने मखमली उशीवर पांढरे हातमोजे आणले, सारे कोर्ट टाळ्या वाजवू लागले. साहेबांनी हात पुढे केला आणि त्यांना टाळ्या न वाजवणारा एक माणूस दिसला.

बाहेर पायरीवर तो आडवा आला. होल्ट त्याला दूर करू लागला, तर साहेबांनी थांबवले.

"भांडायला नाही आलो, मायलॉर्ड," एमस म्हणाला. "सगळे म्हणत होते, खून नको म्हणूया, झटापटीत मेला म्हणूया. मीच अडवलं त्यांना. म्हटलं, न्यायमूर्ती भले आहेत, ते बघतील."

"मला बोलता येत नव्हतं, विडकोम. कायद्यानं तोंड बांधलेलं होतं."

"ते कळतं मला. पण 'वाचेल की नाही, मला माहीत नाही', एवढं तरी म्हणायचं होतं."

हातमोजे साहेबांनी होल्टकडे दिले, होल्टने ते माझ्या डब्यात ठेवले.

मग साहेब चढतच गेले. वरच्या कोर्टात बसले, लॉर्ड झाले. यांच्या निकालात चूक काढून दाखवा, असे वर्तमानपत्रे लिहीत. एमसला दिलेले ते उत्तरही कायद्याच्या पुस्तकात छापले गेले, ज्युरीला कसे उत्तर द्यावे त्याचा नमुना म्हणून. तरुण वकील ते पाठ करीत. साहेब चर्चमध्ये जात राहिले, पण गुडघे टेकल्यावर त्यांचे ओठ हलत नसत. होल्ट गेला. मागोमाग साहेबही गेले.

आता मी माळ्यावर आहे. त्या देशातून फाशी गेली, काळे कापड कुणालाच नको झाले. ते माझ्यापाशीच राहिले. डबा गंजला, ओल आत शिरली, कापडाचा रंग सुटला आणि हातमोज्यांच्या बोटाबोटांत उतरला. मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणत नाही, मी मळकाच शोभतो. पण पांढरी वस्तू काळ्याशेजारी कोंडून ठेवू नका. आणि कुणी जीव मुठीत धरून काही विचारले, तर त्याला नुसता गोडवा देऊन परत पाठवू नका. आमच्याकडून ते झाले नाही. आता होणेही नाही.

परवा साहेबांच्या पणतीने डबा उघडला. मोजे चिमटीत धरून ती म्हणाली, "शी, किती घाण हात असतील याचे!" आणि झाकण लावून निघून गेली.

हे मोजे कुणी एकदाही घातले नव्हते, हे तिला कोण सांगणार? साहेबांचे हात स्वच्छ होते, हे तरी कोण सांगणार? होते का ते स्वच्छ? मला माहीत नाही.