एकमतानं मंजूर

आराखड्याचं पहिलं प्रकरण मंजूर झालं त्या दुपारी आमच्या घरातलं स्वयंपाकघर नाहीसं झालं. हॉलच्या ज्या भिंतीत त्याचं दार होतं ती भिंत आता सलग होती आणि तिचा रंग जुनाच होता. मी कार्यालयातून आले तेव्हा आई त्या भिंतीसमोर मेथी निवडत बसली होती.

"वैजू, मी कुकर लावला होता गं," ती म्हणाली.

मी भिंतीला कान लावला. आत शिट्टी होत होती.

राज्यातली बेघरांची संख्या कमी व्हावी आणि नव्यानं कुणी बेघर होऊ नये, यासाठी सरकारनं एक समिती नेमली होती. आराखडा पाच प्रकरणांचा होता: पार्श्वभूमी, व्याख्या, निवारा, पुनर्वसन आणि प्रतिबंध. बैठकीत काय ठरलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे इतिवृत्ताचं काम सदस्य-सचिव म्हणून माझ्याकडे होतं. घरात आई आणि मी अशा दोघीच. स्वयंपाकघर गेल्यावर झोपायची खोली, न्हाणीघर आणि हॉल एवढं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी समितीचे अध्यक्ष कुलथेसाहेब यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला, आईचं वय विचारलं, जेवणाची काय सोय केलीत म्हणूनही विचारलं. असं कुणाचं होऊ नये म्हणूनच तर पाचवं प्रकरण आहे, असं ते म्हणाले.

"मग ते आधी घेऊ या ना, साहेब."

"क्रम मंजूर झालाय, मॅडम," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

व्याख्येच्या बैठकीत मी एकेका शब्दावर हरकत घेतली. बेघर म्हणजे कोण, यावर चार तास गेले. शेवटी साहेबांनी मत विचारलं तेव्हा मी विरोधात हात वर केला. मग मान खाली घालून लिहू लागले, तर माझ्या पेनानं 'एकमतानं मंजूर' असं लिहिलं होतं. मी ते खोडलं. खोडलेलं ओलं होतं तोवर काळं दिसलं, वाळल्यावर पुन्हा स्पष्ट वाचता येऊ लागलं.

घरी आले तर झोपायची खोली नव्हती. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथल्या कपाटात होत्या. मी नव्या आणल्या. निवाऱ्याच्या प्रकरणाबरोबर न्हाणीघर गेलं. वरच्या मजल्यावरच्या सबनीसबाईंनी आठवडाभर आईला आंघोळीला येऊ दिलं. नंतर त्या दार उघडायच्या, पण आईच्या मागच्या जिन्याकडे बघत, कुणी बेल वाजवली असं मोठ्यानं विचारायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

मी राजीनामा दिला. त्यावर मंजुरीची सही करून तो माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवला गेला आणि पत्ता सापडला नाही म्हणून परत आला. तो माझ्या हाती पडेपर्यंत मी कामावर आहे असं धरायचं ठरलं.

चौथ्या प्रकरणाच्या दिवशी हॉल जाणार हे आम्हाला माहीत होतं. सकाळीच मी आईला बाहेर काढलं. तिनं एका पिशवीत दोन लुगडी, गोळ्या आणि चष्मा घेतला आणि कुलूप लावलं. मी रात्रनिवाऱ्यात फोन केला. तिथल्या माणसानं नम्रपणे सांगितलं की यादी दुसरं प्रकरण मंजूर झालं त्या दिवशीच बंद झाली, आणि तेव्हा आईला घर होतं. मग मी तिला कार्यालयात आणलं. फाटकावरच्या रखवालदारानं पाससाठी पत्ता विचारला. मी अकरा नंबरचा फ्लॅट सांगितला. त्यानं संगणकात बघून आमच्या इमारतीत दहानंतर एकदम बारा नंबर आहे असं सांगितलं. आई म्हणाली, "तू जा. मी इथं बाकावर बसते."

त्या दिवशी वेळ वाचावा म्हणून चौथं आणि पाचवं प्रकरण एकाच बैठकीत घेतलं होतं. चौथं वीस मिनिटांत झालं. मधे चहा आला. समितीवर बेघरांच्या प्रतिनिधी म्हणून शेवंताबाई झाल्टे होत्या. तोवर त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"किती खोल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"चार."

"माझ्याही चारच. मागच्या आराखड्यात गेल्या. तेव्हा इतिवृत्त मी लिहायचे."

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"आणि पाचव्यात?" मी विचारलं. "खोल्या तर संपल्या होत्या. पाचव्यात काय गेलं?"

शेवंताबाईंनी बराच वेळ विचार केला. "मला एक मुलगा होता म्हणतात," त्या म्हणाल्या.

मी वही मिटली आणि दाराकडे निघाले. टेबलाच्या कडेनं चालत गेले. खुर्च्या संपेनात. खुर्च्यांवर बसलेले सदस्य मला वाट देण्यासाठी पाय आत घेत होते, आणि त्यांच्यापुढे आणखी सदस्य होते. दार दिसत होतं, तेवढंच लांब. शेवटी मी खिडकीपाशी थांबले. तिथून खाली फाटक दिसत होतं. आई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी काचेवर थाप मारली, तिला हाक मारली. तिनं वर पाहिलं आणि हात हलवला.

"प्रकरण पाच, प्रतिबंध," मागून कुलथेसाहेबांचा आवाज आला. "मान्य असणाऱ्यांनी हात वर करावेत."

आईला दिसावा म्हणून मी हात वर केलेलाच होता. मी तो खाली घ्यायला गेले. तो खाली येईना.

खाली आई उभी राहिली. तिनं चष्मा पुसून पुन्हा घातला आणि इमारतीच्या खिडक्या एकेक करून बघू लागली. पहिला मजला झाला, दुसरा झाला. माझ्या खिडकीवर तिची नजर आली, क्षणभर थांबली, आणि पुढच्या खिडकीवर गेली.