चौऱ्याहत्तर पायऱ्या

“मी आपली पायऱ्यांनीच येते,” असं म्हणून बायको सरकत्या जिन्याकडे पाठ करून दगडी पायऱ्यांकडे वळली, तेव्हा मिस्त्री मनातून खट्टू झाले. आजचा तरी दिवस सोडायचा होता. पाच वाजता जिन्याची किल्ली ऑफिसात दिली की एकतीस वर्षांची नोकरी संपणार होती.

राजधानीच्या मुख्य रस्त्याखालचं हे मेट्रो स्टेशन, आणि फलाटावरून वर रस्त्यावर नेणारा लांबलचक सरकता जिना मिस्त्रींच्या ताब्यात. वकील, मास्तर, कडेवर पोरं घेतलेल्या आया, सगळे त्यावर डोळे झाकून पाय ठेवत. ठेवत नव्हती ती फक्त मिस्त्रींची बायको. गुडघे कुरकुरले तरी ती चौऱ्याहत्तर पायऱ्या मोजून चढायची.

दोष मिस्त्रींचाच. नव्या नवलाईत ते जेवताना हौसेने सांगत बसायचे, आज एकाच्या बुटाची नाडी फणीत अडकली, आज एकीची चप्पल जिन्याने गिळली. फणी म्हणजे जिना जिथे जमिनीत शिरतो तिथले लोखंडी दात. बायको घास हातात धरून ऐकायची. तिच्या मनात ते बसलं ते बसलंच.

“अगं, दिवसाला हजारो माणसं चढतात,” मिस्त्री म्हणाले.

“त्यांना काय माहीत आत काय आहे ते. मला तुम्ही दातांसकट सांगितलंय.”

मिस्त्रींनी खिशातून किल्ली काढली. “हळू करून देतो. तपासणीच्या वेळी करतो तसा.”

पहिल्या दगडी पायरीवर पाय ठेवून ती थांबली. “उद्यापासून ही किल्ली कुणाकडे?”

“नवा माणूस येतोय. शिकलेला आहे, चांगला आहे.”

“असेल.” ती परत आली आणि पर्स काखेत घट्ट धरली. “हळूबिळू काही नको. सगळ्यांसाठी चालतो तसाच चालू दे. उद्या त्या नव्या माणसाच्या भरवशावर मी काही चढायची नाही. चढायचं तर आजच.”

हिचा आपल्या कामावर विश्वास नाही, असं मिस्त्री इतकी वर्षं धरून चालले होते. त्यांना एकदम भरून आलं. ते म्हणाले, “कठडा धर. खाली बघू नकोस.”

“शिकवू नका. एकतीस वर्षं तेच ऐकतेय.”

तिने सरकत्या जिन्यावर पाय ठेवला, जराशी डुलली आणि ताठ उभी राहिली. मिस्त्री मात्र शेजारच्या दगडी पायऱ्यांनी निघाले. जिन्याच्या बाजूने चालत आवाजाला कान लावायचा, ही त्यांची जुनी सवय. आज त्यांनी कानात प्राण आणून ऐकलं. जिना छान चालला होता, धाप लागली ती मिस्त्रींनाच.

ते वर पोचत आले तेव्हा ती केव्हाच वर येऊन उन्हात उभी होती. मागे मुख्य रस्त्यावर बस, गाड्या, माणसं.

“मोजल्या का?” तिने विचारलं.

“त्र्याहत्तर.”

“एक राहिली,” ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.