दोन पेरं माती

मी शिंपी माणूस, मापाशिवाय माझं पान हलत नाही. चाळीस वर्षं गळ्यात टेप घालून फिरतोय. आमची ही झाडांना पाणी घालायची तेव्हा आधी कुंडीत बोट खुपसायची, चांगलं दोन पेरं आत. बोट कोरडं निघालं तर पाणी, माती चिकटून आली तर नाही. "बोट हे काय माप झालं?" म्हणून मी तिला शंभरदा हिणवलं असेल. ती म्हणायची, "तुमच्या टेपला ओल कळते का?" आणि पुढच्या कुंडीकडे वळायची.

ती गेली, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्याच दिवशी मी झाडांचं काम हातात घेतलं. पुढच्या खोलीच्या खिडकीत अकरा कुंड्या होत्या. कापडावर खुणा करायच्या खडूने मी त्यांच्यावर आकडे घातले. मोठ्या कुंडीला एक ग्लास, लहानीला अर्धा, रोज सकाळी सातला, खाली दुकान उघडायच्या आत. चौकोन आखून एक तक्ताही केला आणि भिंतीला टाचणीने टोचला. ही असती तर पोट धरून हसली असती.

घरात मी आणि मुलगी, दोघंच. मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आधी ती दुसऱ्या शहरात होती, आईच्या आजारपणात आली आणि इथल्या शाखेत बदली घेऊन राहिली. 'आजारपणात आली' हे मी माझी लाज राखून म्हणतोय. ती आली तेव्हा तिची आई जाऊन दीड तास झाला होता. दवाखान्याच्या त्या लांबलचक बोळात, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी तिला म्हणालो, "आता आलीस? आता काय बघायला आलीस?"

तिच्याकडे उत्तर होतं आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. दहा दिवसांपूर्वी तिने फोन केला होता, "बाबा, मी येऊ का?" आणि मीच म्हणालो होतो, "साधा ताप आहे. उगाच धावत येऊ नकोस." पोरीला बोलावलं की आजार मोठा आहे हे कबूल केल्यासारखं होईल, एवढीच माझी अक्कल. चारचौघांत ती माझी बोलती बंद करू शकली असती. तिने माझी अब्रू झाकली आणि मी ती खुशाल झाकून घेतली.

याच्याही पलीकडचं एक आहे, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ही रोज विचारायची, "चिंगी कधी येतेय?" मी म्हणायचो, "तिला रजा मिळत नाहीये." दहा दिवस रोज तेच.

मग घरात अबोला सुरू झाला. भांडण असं नाही, पण बोलणं कामापुरतं. "गॅस संपलाय." "किल्ली शेजारी ठेवलीय." मी सकाळी दुकानात उतरायचो तेव्हा ती झोपलेली असायची, ती संध्याकाळी परत यायची तेव्हा मी मशीनवर असायचो. माझ्या डोक्यात रोज एकच वाक्य घोळायचं: चूक माझी होती. तीन शब्द. लग्नसराईत रात्रंदिवस मशीन मारणाऱ्या माणसाला तीन शब्द जड जावेत म्हणजे बघा.

पहिला महिना झाडं बरी होती. मग पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, तहान. एकाचा दीड ग्लास केला. पानं माना टाकायला लागली, तेव्हा दोन केले. कुंड्यांभोवती बारीक चिलटं घोंगावू लागली, तीही मी उन्हाच्या नावावर घातली. आधी नेच्याचं झाड गेलं, मग एकेक करत बाकीची. दर वेळी मी मनातल्या मनात पोरीवर चरफडायचो. स्वतःच्या आईची झाडं डोळ्यांदेखत मरतायत आणि ही बाई ढुंकून बघत नाही! लोकांचे डोळे तपासते म्हणे.

शेवटी रबराचं झाड तेवढं उरलं. त्याची कथा वेगळी. बारा वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरकडे आम्ही दोघं बसलो होतो. तिथल्या मोठ्या झाडाची एक फांदी कुणाचा तरी धक्का लागून मोडली होती. हिने ती ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातली आणि इतका साळसूद चेहरा केला की डॉक्टरने तिलाच आधी आत घेतलं. मी घरी येईपर्यंत घामाघूम. ते झाड आता माझ्या खांद्याला लागत होतं. ते जगलं पाहिजे, एवढंच माझं मागणं होतं. ते आहे तोवर घरात हिचं काहीतरी आहे असं वाटायचं, आणि का कोण जाणे, तोवर पोरगीही राहील असं वाटायचं.

एका मंगळवारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी परत जातेय. जुन्याच शाखेत. शनिवारी निघेन." मी म्हणालो, "बरं." दुसरा माणूस असता तर ताट बाजूला सारून बोलला असता. मी भात कालवत राहिलो.

शुक्रवारी रबराची पानं पटापट गळली. शेंड्याला दोन राहिली. मी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली आणि झाड कुंडीतून उपसलं. ते हातात आलं ते चिखल घेऊन. मुळं काळी, बुळबुळीत, आणि वास असा की नाकाला हात लावावा लागला. तेवढ्यात मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात तिच्या आईचा पितळी तांब्या, पाण्याने भरलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"पाणी घालायला आणलंय. रोज घालते ना मी. कामावरून आले की."

"रोज?"

"मग काय करणार? तुम्हाला कुठे वेळ असतो झाडांकडे बघायला."

मी भिंतीकडे बोट केलं. तिने तक्ता वाचला. इतके महिने तो तिथे होता, पण तिला वाटलं होतं गिऱ्हाइकांची मापं असतील. तिला संध्याकाळी माती ओली लागायची, ती म्हणे कालचं आपलंच पाणी. मला सकाळी ओली दिसायची, मीही तेच समजायचो. पानं पिवळी दिसली की दोघंही वाढवून घालायचो. दोघांनी जीव लावून अकरा झाडं बुडवली.

ती खाली बसली. थोडं हसली, मग हसणं थांबलं. "एकदा विचारायचं तरी, बाबा," ती म्हणाली.

तीच वेळ होती. ते तीन शब्द तोंडात आले होते. मी म्हणालो, "शेंडा अजून हिरवा आहे."

तिने माझी कात्री घेतली, कापडाची कात्री, एरवी मी कुणाला हात लावू देत नाही. शेंडा छाटून लहान कुंडीत नवीन मातीत लावला. "याला तुम्हीच बघा. फक्त बोट घालून. तक्ता नको." शनिवारी ती गेली. मी तिची बॅग गाडीत ठेवली आणि पाण्याची बाटली घेतलीस का एवढंच विचारलं.

दर रविवारी तिचा फोन येतो. "माती कशी आहे?" मी बोट घालून सांगतो. पहिल्या रविवारी ओली, दुसऱ्यालाही ओली. तिसऱ्या रविवारी दोन पेरं बोट आत घातलं, ते कोरडं निघालं, आणि काय झालं कोण जाणे, माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. येऊ नकोस मीच म्हणालो होतो, आणि तुझ्या आईला खोटं सांगितलं, रजा मिळत नाही म्हणून. चूक माझी होती, चिंगे.

तिने लहानपणच्या आवाजात विचारलं, "आई रागावली होती का हो माझ्यावर?"

तेव्हा मला कळलं, ती संध्याकाळी तांब्या घेऊन त्या खिडकीशी काय करत होती. अकरा महिने.

"नाही गं," मी म्हणालो. "एकदाही नाही. म्हणाली, पोरगी कामाने दमत असेल, फोन करून तिला छळू नका. शेवटच्या दिवशीही हेच म्हणाली."

ती रडली. खूप रडली. मग म्हणाली, "मी तिथे होते तेव्हा सांगायचं ना, बाबा."

"हो," मी म्हणालो. मग तिने झाडाला पाणी घालायला सांगितलं, आणि मी घातलं.