चार चादरींचं अंतर

चादरीचा एक कोपरा ताईच्या हातात, दुसरा तिच्याबरोबर लाँड्रीत काम करणाऱ्या मावशीच्या हातात, आणि दोघींच्या समोर साबणाच्या निळ्या पिंपावर, कॅनला टेकवून उभा केलेला मोबाइल. मोबाइलमध्ये मॅच चालू. आणि मॅचमध्ये कोण? लांब्या! ताईचा सख्खा धाकटा भाऊ, सव्वासहा फूट उंच, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये गोलकीपर म्हणून उभा! नेहमीच्या गोलकीपरचं परवा बोट मोडलं आणि दोन वर्षं नुसता बाकावर बसून केळी खाणाऱ्या लांब्याचा एकदम नंबर लागला.

आता तुम्ही म्हणाल, वा, काय आनंदाचा दिवस! पण ताईच्या गळ्याखाली सकाळपासून घास उतरला नव्हता.

त्याचं काय झालं, अठरा दिवसांपूर्वी लांब्या घरामागच्या मैदानात पोरांबरोबर असाच खेळत होता, टाइमपास. बॉल अडवायला झेपावला तो थेट लोखंडी खांबावर. डोक्याला हे एवढं टेंगूळ. घरी आला, बर्फ लावला, वर म्हणतो, "काही नाही गं ताई, खांबालाच लागलंय." हसली बिचारी. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या एक मजला जास्त चढला आणि वरच्यांच्या दाराला आपली किल्ली लावत बसला. दहा मिनिटं! वरच्या आजोबांनी दार उघडलं तर त्यांनाच विचारतो, "तुम्ही आमच्या घरात काय करताय?" अख्खी बिल्डिंग दोन दिवस हसत होती. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, सहा आठवडे बॉलला हात लावायचा नाही. आतली सूज उतरायच्या आत डोक्याला दुसरा मार बसला, तर मग माझ्याकडे आणून उपयोग नाही. असं तोंडावर सांगितलं त्यांनी.

आणि क्लबचा नियम असा, की मॅचआधी एक फॉर्म भरायचा. गेल्या सहा आठवड्यांत डोक्याला मार लागलेला नाही. खाली खेळाडूची सही, शेजारी घरच्या एका माणसाची. घरात माणसं दोनच, लांब्या आणि ताई. तो तिच्या मागे मागे फिरत होता, स्वयंपाकघरात, गॅलरीत, बाथरूमच्या दाराबाहेर. "ताई, नव्वद मिनिटं गं फक्त. परत कोण विचारणार मला? परत मी आणि माझी केळी." तिने केली सही. इस्त्रीच्या टेबलावर फॉर्म ठेवून, एका दमात.

म्हणून आता ती हॉटेलच्या तळघरात, ऐन दुपारच्या ड्युटीवर, जीव मुठीत धरून मॅच बघत होती. रजा मिळाली नव्हती. वर तीन मजले गेस्ट, त्यांच्या चादरी धुऊन खाली ढीगभर, आणि समोर तो मोठा इस्त्रीचा रोलर. दोघींनी दोन कोपरे धरून चादर आत सोडायची, ती पलीकडून कडक होऊन बाहेर येते. मोबाइलला रेंज फक्त त्या एका पिंपावर, कारण वर रस्त्याच्या पातळीला हातभर खिडकी. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. पिंप टीचभर सरकवलं की मॅच गेलीच.

बरं, तळघरात मॅच नुसती दिसत नव्हती, ऐकूही येत होती, आणि गंमत म्हणजे आधी ऐकू यायची! वरच्या मजल्यांवरून मळकी कापडं खाली टाकायला पत्र्याचा एक मोठा पाइप आहे, सगळे त्याला घसरगुंडी म्हणतात. तिचं वरचं झाकण स्टाफरूमच्या अगदी दाराशी. स्टाफरूममध्ये टीव्ही. तिथे वेटर, लिफ्टवाला, सगळे जमले होते. बाराव्या मिनिटाला घसरगुंडीतून आवाज आला, "गोऽऽऽल!" आणि ताई बघतेय तर मोबाइलमध्ये बॉल अजून मैदानाच्या मधोमध! तिला वाटलं वरचे वेडे झाले. दोघींनी चार चादरी रोलरमध्ये सोडल्या, आणि मग मोबाइलमध्येही गोल झाला. आपल्याच टीमने केलेला.

"अगं, तुझा फोन मागे आहे," मावशी म्हणाली. "चार चादरी मागे."

"म्हणजे वर जे ओरडतात ते इथे व्हायचं बाकी असतं?"

"हो. फुकटात भविष्य कळतंय, अजून काय पाहिजे?"

मावशी हसली. ताईने मात्र घसरगुंडीकडे पाठ केली. कारण आता तिला बघायचीच भीती नव्हती, ऐकायचीही होती. आधी वरून "हाऽऽ" असं काहीतरी यायचं, मग चार चादरी श्वास रोखून उभं राहायचं, आणि लांब्या तिकडे पडद्यावर निवांत हातमोजे ठीक करत असायचा. त्याला पत्ताच नाही की पुढे काय वाढून ठेवलंय!

चाळिसाव्या मिनिटाला वरून आलं, "आई गंऽऽ!" सगळ्यांचं एकदम.

ताईने कोपरा सोडला. चादर वाकडी आत गेली.

"धर, धर! अगं, बोटं जातील रोलरमध्ये!" मावशी खेकसली. "अजून काही झालेलं नाही."

"झालंय गं मावशी. आपल्याला दिसायचंय फक्त."

एक चादर. पडद्यावर समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला. दोन. बॉल हवेत. तीन. लांब्या उडाला, समोरचा आडदांड गडीही उडाला, आणि त्याचं कोपर कुठे लागलं ते नीट दिसलंच नाही, कारण मध्ये सहा जण. चार. लांब्या गवतात आडवा.

ताई पडद्यावर वाकली. पण तो उठला! गुडघा झटकला, रेफरीला अंगठा दाखवला, टाळ्या पडल्या.

"बघ, ठणठणीत आहे. खांद्याला लागलं असेल," मावशी म्हणाली.

"असेल."

पण एक गोष्ट मावशीला कशी कळणार? लांब्याची लहानपणापासूनची सवय आहे, खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आधी दोन्ही खांबांना हात लावायचा. डावा, मग उजवा. बालवाडीत दप्तरांचे गोलपोस्ट करायचे तेव्हापासून. या वेळी त्याने डाव्याला हात लावला, मग पुन्हा डाव्यालाच लावला, आणि तिथेच उभा राहिला. ताईने स्वतःला समजावलं, घाईत असेल, रेफरीने शिट्टी मारली ना. हाफटाइमला त्याचा मेसेज येईल म्हणून फोनकडे टक लावून बसली. मेसेज आला नाही. मोबाइल आत कुठे देतात, असंही समजावलं.

दुसरा हाफ सुरू झाला. साठावं मिनिट, पासष्टावं. वर नुसता गोंगाट, शिव्या, टेबलावर थापा. आणि सत्तराव्या मिनिटाला एकदम सगळं गप्प.

म्हणजे कसं गप्प? टाचणी पडली तरी ऐकू येईल असं! ना "आई गं", ना "हाऽऽ". टीव्हीचाही आवाज नाही. पंधरा माणसं एका क्षणात मुकी झाली.

ताईने मान वर केली. "मावशी... वर काय झालं?"

मावशीनेही कान लावला. तिलाही काही ऐकू येईना.

एक चादर. पडद्यावर लांब्या गोलात उभा, उन्हाकडे डोळे बारीक करून बघतोय. असे लोक कधी गप्प होतात? कुणी पडलं आणि उठलं नाही की.

"लांब्या, खाली बस!" ती मोबाइलवर ओरडली. "बस खाली, गाढवा!"

"त्याला ऐकू येणार आहे का?"

दुसरी चादर आत गेली. ताईने कोपरा सोडून मोबाइल उचलला. एकच माणूस तिथे होता, टीमचे मालिशवाले काका. लांब्याचा गुडघा दुखायचा तेव्हा व्यायाम सांगायला त्यांनी तिला नंबर दिलेला. पण फोन लावला की मॅच बंद! नेमका तो क्षण आला तर दिसणार नाही. तिने पिंपावरच वाकून नंबर काढला. आणि लावला. मॅच गेली.

"काका, मी लांब्याची बहीण. तो पडलाय का?"

"पडलाय? कोण पडलाय?" मागे गर्दीचा एवढा गलका की काका ओरडूनच बोलत होते. "उभा आहे तो समोर! पोरी, मॅच चालू आहे, ठेव!"

"ठेवू नका! काका, त्याला बाहेर काढा. अठरा दिवसांपूर्वी डोक्याला मार लागलाय त्याच्या. डॉक्टर नको म्हणाले होते."

"फॉर्मवर तर तुझी सही आहे!"

"खोटी आहे."

 काका म्हणाले, "पहिल्या हाफमध्ये ते कोपर... बरं." आणि फोन कट.

आणि तेवढ्यात, ऐका हं, तेवढ्यात घसरगुंडीतून आवाज, "गेल्या का रे मॅडम? गेल्या! लाव, लाव, आवाज वाढव!"

हाउसकीपिंगच्या मॅडम! राउंडला आल्या होत्या. म्हणून वरच्यांनी टीव्ही बंद करून चिडीचूप बसून घेतलं होतं. एवढंच!

ताई पिंपाला धरून खालीच बसली. मावशीने आधी हुश्श केलं, मग कपाळाला हात लावला. "अगं बाई, काय करून बसलीस? पोरगा धडधाकट उभा होता ना."

"तो माझं तोंड बघणार नाही आता."

"बघेल गं. पुढच्या वर्षी."

पिंपावर मोबाइल परत ठेवला. ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय. मॅच आली तेव्हा मैदानाच्या कडेला नंबरांची पाटी वर होती आणि लांब्याचा नंबर लाल. एक कोवळा पोरगा हातमोजे चढवत आत यायला उभा. म्हणजे झालं होतं, तिनेच केलं होतं, आणि आता तिला ते बघायचं होतं. लांब्या पाटीकडे बघत होता. राग नाही, हातवारे नाहीत, काही नाही. नुसता बघत होता. ताईला वाटलं, चिड ना रे. दोन शिव्या तरी घाल.

आणि वरून हशा आला.

खो खो हसत होते सगळे. "अरे, अरे, कुठे निघाला हा?" "उन्हाने तापलाय गडी!" कुणीतरी टेबल बडवलं.

मावशीने हातातली चादर तशीच धरून ठेवली. रोलर रिकामाच फिरत होता, घर्र घर्र. कुणी मोजलं नाही या वेळी.

पडद्यावर लांब्या चालायला लागला. सावकाश, मान खाली. आपल्या टीमचा बाक डावीकडे, पिवळे शर्ट, तिथे काका उभे राहून हात हलवतायत. लांब्या उजवीकडे गेला. समोरच्या टीमच्या बाकाकडे. ते लोक बाजूला सरकले, काही हसलेसुद्धा. त्याने त्यांच्यातली एक पाण्याची बाटली घेतली, दोघांच्या मध्ये बसला आणि शांतपणे हातमोजे काढायला लागला. घरी पोचल्यासारखा. शेजारच्याने त्याला काहीतरी विचारलं, तर लांब्याने त्यालाच उलट काहीतरी विचारलं.

ताईला इथे बसून ते कळलं. वरच्या आजोबांना विचारलं होतं, तेच.

काका मैदानाच्या कडेने धावत सुटले होते, मागून स्ट्रेचरवाले. मग मॅच गेली, कारण फोन वाजला.

"पोरी, थेट मोठ्या हॉस्पिटलला ये." काका धापा टाकत होते. "अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घेतोय. बोलतोय, शुद्धीत आहे. घाबरू नको."

"काय बोलतोय?"

"तू ये आधी."

"काका, काय बोलतोय तो?"

"विचारतोय, मॅच कधी सुरू होणार."

ताई जिन्याकडे पळाली, लाँड्रीच्या ओल्या रबरी चपलांतच, एप्रन तसाच अंगावर. मावशीने पळत जाऊन रोलरचं लाल बटण दाबलं आणि जिन्यात ओरडली, "मी सांगते मॅडमना! तू जा! अगं, सावकाश!"

मग ती घसरगुंडीपाशी गेली. वर अजून हसत होते. तिने पत्र्यावर मूठ आपटली, एकदा, दोनदा, सगळा पाइप दणाणला.

"गप बसा रे!" ती आत तोंड घालून ओरडली. "गप बसा!"

या वेळी ते खरोखर गप्प झाले. आणि वरच्या खिडकीतून दोन ओल्या रबरी चपला धावत गेलेल्या मावशीला दिसल्या.