हिरव्याची खुर्ची

आमच्या टेबलावर प्रत्येक रंगाला एक बाई नेमलेली असे. क्लार्कनवेल वस्तीतल्या त्या मागच्या खोलीत आम्ही गोल बसायचो आणि मुलांच्या पुस्तकांची काळ्या शाईत छापलेली चित्रं रंगवायला एकीकडून दुसरीकडे सरकत जायची. एकीने फक्त कातडीचा रंग द्यायचा, दुसरीने फक्त निळा. माझ्याकडे लाल. बेडकाचा कोट, बदकिणीच्या टोपीची फीत, पोरांचे गाल, सगळं माझ्या हातचं. माझ्यानंतर कागद हिरव्याकडे जाई.

हिरव्याची खुर्ची मानाची. पानं बारीक, त्यांच्या कडा नेमक्या; कुंचल्याला सुईसारखं टोक नसेल तर झाडाची शिजलेली पालेभाजी होते. टोक काढायची आमची रीत एकच होती. कुंचला ओठांत धरायचा आणि जिभेवर फिरवायचा. चिंधीवर टोक काढणारीला आम्ही 'चिंधीवाली' म्हणायचो, आणि ते कौतुकाने नव्हे.

त्या खुर्चीवर आधी लेटी पिम बसायची. जाडजूड, हसरी बाई. हळूहळू तिच्या नाकपुड्यांशी फोड आले, डोळे लाल झाले, पायांना मुंग्या येतात म्हणायला लागली, आणि इस्टरच्या आधी गेली. क्षय झाला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. क्षयाचं एक बरं असतं, त्यात कुणाचा दोष नसतो. पण तिला शेवटची आंघोळ मी घातली होती. तिच्या नखांच्या मुळाशी बसलेलं हिरवं कितीही घासलं तरी निघेना. आणि खोकताना तर मी तिला कधीच ऐकलं नव्हतं.

लेटीच्या जागी प्रॉडगरबाईंनी, म्हणजे आमच्या मालकिणीने, माझ्या धाकट्या बहिणीला बसवलं.

थर्झाला आईमागे मीच वाढवलेलं. हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला, आणि हे तिलाही ठाऊक. त्या दिवशी घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. मी तिला लेटीची नखं सांगितली, फोड सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसली.

"लेटी दारूने गेली. तुझ्या पोटात का दुखतंय ते कळतं मला, ताई. तू लालवरच म्हातारी होणार."

"होईन. तू निदान चिंधीवर टोक काढ."

"आणि चिंधीवाली म्हणवून घेऊ? त्यापेक्षा मेलेली बरी."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. असलं अभद्र बोलायची तिला लहानपणापासून खोड.

मग मी प्रॉडगरबाईंकडे गेले. त्या चहा पीत होत्या. चर्चला जाणाऱ्या बाईने अफवा पसरवू नयेत, असं त्यांनी शांतपणे ऐकवलं. ज्याला भीती वाटते त्याला दार उघडं आहे म्हणाल्या. "आणि विषारी असतं तर लेकरांच्या पुस्तकात घातलं असतं का कुणी?" लेकरं पुस्तकाचं काय करतात ते मी पाहिलेलं आहे. ती पानं चोखतात.

शरदात नाताळच्या पुस्तकांचं काम आलं. त्यात एक चित्र होतं, रानात वाट चुकलेल्या मुलीचं. माझ्या वाट्याला तिची टोपी आणि दोन गाल, बाकी कागदाच्या चारी कडांपर्यंत नुसती पानं. दिवसभर थर्झाचा कुंचला कागदावरून ओठांवर, ओठांवरून कागदावर. मी तिच्याकडे बघत राहायचे आणि माझ्या हातून मुलीच्या गालाचा रंग कानापर्यंत जायचा. एका सकाळी थर्झाच्या नाकपुडीशी मला लाल ठिपका दिसला. तिने त्यावर पावडर लावली होती. म्हणजे तिलाही दिसला होता.

भांडून काही होणार नव्हतं. मी औषधवाल्याकडून काळा बोळ आणला. लेकराचं दूध तोडायचं असलं की बायका छातीला लावतात तोच. एकदा तोंडात गेला की लेकरू दुसऱ्यांदा जवळ येत नाही, इतका कडू. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी तो थर्झाच्या बशीतल्या हिरव्यात कालवला, हात आखडता न घेता. थुंकू दे, शिव्या देऊ दे, खोलीभर तमाशा करू दे, पण तो कुंचला तोंडात घालणं सुटू दे.

थर्झा आली, बाह्या वर सारून बसली. पहिला कागद ओढला, एका पानाची कड रंगवली आणि कुंचला ओठांत घेतला. तिने जीभ फिरवली, टोक उजेडात धरून बघितलं आणि पुढचं पान रंगवायला घेतलं. पुन्हा ओठ, पुन्हा पान. मधेमधे ती गुणगुणत होती.

मला वाटलं, बोळ बशीच्या तळाशी बसला असेल. नाहीतर औषधवाल्याने भलतंच काही दिलं असेल. मी उठले, तिच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि स्वतःच्या जिभेला लावला.

डोळ्यांतून पाणी आलं, मी टेबलाची कड धरली. इतकं कडू मी जन्मात चाखलं नव्हतं. आणि माझ्या बहिणीला ते लागलंच नव्हतं. तिची जीभ मेली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

सगळ्या बायका थांबून बघत होत्या. थर्झा हसली.

"काय गं, लालवालीला हिरवं चाखायची हौस आली?" तिने हात पुढे केला. "दे इकडे, रंग वाळतोय."

मी कुंचला मुठीत घट्ट धरला. तिच्या तोंडाकडे मला बघवेना.